आईची वही आणि मरोळचा पावसाळा

गेल्या महिन्यात अमेरिकेतल्या मावसबहिणीचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "दादा, मावशीची ती आरोग्याची वही होती ना, लाल पुठ्ठ्याची? ती टाइप करून सगळ्यांना पाठव की. मुलांना जरा काही झालं की मला तिची आठवण येते." मी लगेच हो म्हणालो. दोनशे पानी वही, त्यात निम्मी कात्रणं. म्हटलं, एका रविवारचं काम.

तीन रविवार झाले. वही अजून अर्धीच उतरवून झाली आहे.

आमच्या नातेवाइकांपैकी बहुतेकांनी ही वही पाहिलेली आहे. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. आईने तिचे तीन भाग केले होते: कपडे, खाणे आणि प्रकृती. वर्तमानपत्राच्या पुरवण्यांतली कात्रणं खळीने चिकटवलेली, दिवाळी अंकांतून उतरवून घेतलेले उपाय, हळदीकुंकवाला कुणी सांगितलेलं, रेडिओवर ऐकलेलं. काही नमुने देतो:

"पावसात भिजलेले कपडे अंगावर वाळवू नयेत."
"स्टोव्हजवळ नायलॉनची साडी नेसून उभे राहू नये. सुतीच नेसावी."
"आषाढ-श्रावणात पालेभाजी कमी. आणलीच तर मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवावी."
"लहान मुलांची दुपटी शेगडीवर टोपली पालथी घालून वाळवावीत. ओव्याची धुरी द्यावी."
"बूट ओले असल्यास आत वर्तमानपत्राचे बोळे."
"पाणी उकळून. उकळी आल्यावर लगेच बंद करू नये."

आता यात नवीन ते काय, असं तुम्ही म्हणाल. प्रत्येकाच्या घरी असं काहीतरी असतंच. पण टाइप करता करता माझ्या एक गोष्ट लक्षात आली. वहीतली निम्म्याहून जास्त पानं पावसाळ्याबद्दल आहेत. थंडीबद्दल फार तर दहा पानं, उन्हाळ्याबद्दल पंधरा. आई लग्न होऊन १९७४ साली कोकणातून मरोळला आली, तेव्हापासून तिचं वर्ष जणू जून ते सप्टेंबर एवढंच होतं आणि बाकीचे आठ महिने त्याच्या तयारीचे. मग मनात आलं, हे फक्त आईचं होतं की या जागेचंच आहे? म्हणून वही बाजूला ठेवून जरा मागे जायचं ठरवलं. आणि वहीत एक पान असं आहे की ते उतरवायला हात चालत नव्हता, हेही एक कारण. त्या पानाकडे शेवटी येतो.

*

मरोळमध्ये सगळ्यात जुनं काय, असं विचारलं तर आमच्या लहानपणी उत्तर एकच होतं, महाकालीची लेणी. म्हणजे कोंडिविटे लेणी. पूर्वी आम्ही तिथे क्रिकेट संपल्यावर चालत जायचो. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून सहाव्या शतकापर्यंत टप्प्याटप्प्याने कोरलेली, १९ लेणी. भिक्खूंच्या राहण्याच्या खोल्या आहेत, दगडी ओटे आहेत, आणि पावसाचं पाणी साठवायला खडकात खोदलेली टाकी आहेत.

ही लेणी पावसाळ्याची घरं होती, हे मला फार उशिरा कळलं. बौद्ध भिक्खूंनी एरवी फिरत राहायचं, पण पावसाळ्याचे तीन महिने एका जागी मुक्काम करायचा. हा वर्षावास. कारणही साधं आहे. पावसात नुकते उगवलेले कोंब आणि किडेमुंग्या पायाखाली येतात. शिवाय चिखलात माणसाचेही हाल होतात.

भिक्खूच्या गरजा विनयात चारच सांगितल्या आहेत: चीवर, पिंडपात, शयनासन आणि भेषज. म्हणजे वस्त्र, भिक्षेचं अन्न, राहण्या-झोपण्याची जागा आणि आजारात औषध. आईच्या वहीत तीन भाग होते, यांचे चार. औषधांची यादीही घरगुती आहे. आजारी भिक्खूला तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी-गूळ जवळ ठेवायची परवानगी होती. पावसाळा संपला की कठिन नावाचा विधी होतो. त्यात लोकांनी दिलेल्या कापडाचं नवं चीवर शिवतात. तीन महिन्यांच्या दमटपणात जुन्या वस्त्राची काय अवस्था होत असेल हे ज्याने मरोळच्या तळमजल्यावर एक पावसाळा काढला आहे त्याला सांगायला नको.

आमच्या आईच्या वहीतला धुरीचा उपायसुद्धा तिचा नाही बरं का! वाग्भटाच्या अष्टांगहृदयात ऋतुचर्येचा अध्याय आहे. त्यात पावसाळ्याबद्दल जे सांगितलंय ते वाचून मी चाटच पडलो. जुनं धान्य खावं, पाणी उकळून प्यावं, नदीचं पाणी टाळावं, दिवसा झोपू नये, कपड्यांना नेहमी धूप द्यावा. आणि पायी हिंडू नये! राहावं कुठे, तर माडीवर, जिथे जमिनीची वाफ, गारठा आणि पावसाचे तुषार पोचणार नाहीत.

सल्ला उत्तम आहे. पण वाचताना लक्षात येतं की हा सल्ला माडी असलेल्या माणसाला दिलेला आहे. ज्याला पावसात गुडघाभर चिखलात उभं राहून भात लावायचं आहे त्याने काय करायचं?

*

मरोळ हे अशाच भात लावणाऱ्यांचं गाव. इथले मूळचे रहिवासी म्हणजे ईस्ट इंडियन. धर्माने ख्रिस्ती, भाषेने मराठी. पोर्तुगीज काळात धर्म बदलला, पण शेत, तांदूळ, लुगडं आणि लग्नातली गाणी तशीच राहिली. ईस्ट इंडियन हे नाव त्या मानाने अलीकडचं. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला ५० वर्षं झाली त्या १८८७ साली या समाजाने ते घेतलं.

आम्ही गावठाणाला लागून असलेल्या एका चाळीत भाड्याने राहायचो. शेजारच्या ईस्ट इंडियन मावशी हे आईचं मरोळमधलं पहिलं विद्यापीठ. त्यांची सासू तेव्हा सत्तरीच्या पुढे होती आणि चौकड्यांचं सुती लुगडं काष्टा घालून नेसायची, गुडघ्याच्या जरा खाली. आईला आधी ते चमत्कारिक वाटलं. चर्चला जाणारी बाई आणि काष्टा? म्हातारी म्हणाली, "चिखलात पाचवारी नेसून दाखव, बाय." आईने हे वाक्य वहीत लिहून ठेवलंय, 'कपडे' या भागात, अगदी पहिल्या पानावर. ओलं कापड पायाला चिकटत नाही, चिखल पोटरीपर्यंतच राहतो, सुती असल्याने चटकन वाळतं. काम बघून कपडा ठरवायचा, हे आईने तिथून उचललं.

मग टेरिलीन आणि टेरिकॉटचं युग आलं. आमच्या वडिलांना इस्त्री न लागणाऱ्या शर्टाचं केवढं कौतुक! एमआयडीसीतल्या कारखान्यात दिवसभर भट्टीशेजारी उभं राहून पाठीवर घामोळ्यांची चादर घेऊन यायचे, पण शर्टाची घडी मोडलेली नसायची. आईने दोन उन्हाळे सहन केलं आणि मग तो शर्ट फक्त लग्नासमारंभाला, असं जाहीर केलं. नायलॉन आणि स्टोव्हची नोंद मात्र अनुभवाची आहे. चाळीतल्या एका बाईंच्या पदराने पेट घेतला होता. नायलॉन नुसतं जळत नाही, वितळून कातडीला चिकटतं. त्या वाचल्या, पण हात आखडला तो कायमचा. त्यानंतर चाळीत संध्याकाळी स्वयंपाकाच्या वेळी सगळ्या बायका सुती साड्यांत दिसायला लागल्या. कुठलं कात्रण एवढं काम करू शकलं नसतं.

खाण्याचं म्हणाल तर मरोळचा सुक्या मासळीचा बाजार. मे महिन्यात नाक्यावरून नुसतं नाकाने रस्ता सापडायचा! जून ते नारळी पौर्णिमा होड्या बंद. म्हणजे ताजी मासळी बंद. तेवढ्या दिवसांची बेगमी आधीच करायची. वेसावे-मढ भागात बांबूच्या वलांडीवर उन्हात वाळवलेले बोंबील, सुकट, जवळा, खारवलेला बांगडा. शेजारच्या मावशी निवडायला शिकवायच्या. बोंबील वाकवून बघ, कडक मोडला पाहिजे. नरम लागला तर आत ओल आहे, आठ दिवसांत किडा पडेल. घरी आणून पुन्हा दोन दिवस कडक ऊन द्यायचं आणि मग घट्ट झाकणाच्या डब्यात.

त्याच दिवसांत त्यांच्याकडे बाटली मसाला व्हायचा. मिरच्या, धणे, हळद, तीळ, खसखस, मोहरी आणि आणखी पंधरावीस जिन्नस वाळवून, भाजून, लाकडी उखळात मुसळाने कांडायचे आणि बियरच्या गडद बाटल्यांत ठासून ठासून भरायचे. बाटलीत हवा राहता कामा नये म्हणून काठीने दाबायचं. गडद काच असली की रंग उडत नाही, आणि ठासून भरलं की ओल शिरत नाही. दमट हवेत मिरचीला बुरशी लवकर धरते आणि काही बुरश्या यकृताला विषारी असतात, हे मी पुढे वाचलं. त्या बायकांना बुरशीचं शास्त्रीय नाव ठाऊक नव्हतं. काळी पडलेली मिरची टाकून द्यायची एवढं पक्कं ठाऊक होतं.

सुक्या मासळीत प्रथिनं भरपूर, आणि जवळा-सुकट काट्या-कवचासकट खाल्ले जातात म्हणून कॅल्शियमही. पावसाळ्यात भाजी महाग आणि मिळेल ती किडकी, अशा वेळी गरिबाच्या घरात हा मोठाच आधार होता. एक बाजू मात्र सांगायला हवी. त्यात मीठ फार. आईला पन्नाशीत रक्तदाब निघाला तेव्हा डॉक्टरांनी आधी सुका बांगडा बंद केला. ती नोंदही वहीत आहे, आणि तिच्याखाली: "बोंबील तीन पाण्यांतून धुऊन, महिन्यातून एकदा." डॉक्टरांनी एवढी सवलत दिली होती की तिनेच घेतली होती, कुणास ठाऊक.

*

इथपर्यंत लिहून झाल्यावर मला वाटलं, झाला लेख. आपल्या पूर्वजांना सगळं माहीत होतं, निसर्गाशी जुळवून राहायचे, आपण विसरलो, असा शेवट करायचा. तुम्हीही असे लेख वाचले असतील, मी स्वतःच लिहिलेत.

पण मरोळचा इतिहास तसा शेवट करू देत नाही.

सीप्झच्या कुंपणाच्या आत एका चर्चचे अवशेष आहेत. छप्पर नाही, दर्शनी भिंत आणि मनोरा तेवढा उभा, कमानींवर झाडं उगवलेली. आजूबाजूला काचेच्या इमारती. सेंट जॉन द बॅप्टिस्टचं हे चर्च जेजुइटांनी १५७९ साली बांधलं. भोवती कोंडिविटे गाव होतं. अडीचशेहून जास्त वर्षं तिथे बाप्तिस्मे झाले, लग्नं लागली, दफनं झाली. १८४० साली साथ आली आणि लोक ते गाव आणि चर्च दोन्ही सोडून मरोळला आले. इथे नवं चर्च झालं. तेच आपलं आजचं सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट. १९७३ पासून सीप्झ आल्यावर जुन्या चर्चला कुंपण पडलं. अलीकडे वर्षातून एकदा, मे महिन्यात, तिथे मिस्सा होते आणि जुन्या गावाचे वंशज आत जाऊ शकतात.

मी हे लहानपणी शंभरदा ऐकलं होतं, पण कधी विचार केला नव्हता. त्या गावातल्या बायकांना काष्टा नेसता येत होता. बोंबील निवडता येत होते, मसाला भरता येत होता, धुरी देता येत होती. आजीचा बटवा घरोघरी होता. तरीही साथ आली तेव्हा गाव सोडण्यापलीकडे त्यांच्या हातात काही उरलं नाही. देव सोडून जावा लागला, यापेक्षा मोठी हार काय असते?

१८४० साली जंतू ही कल्पनाच नव्हती. कॉलरा पाण्यातून पसरतो हे लंडनमध्ये जॉन स्नोने दाखवलं ते १८५४ साली, आणि कॉलऱ्याचा जंतू रॉबर्ट कॉखने ओळखला १८८४ मध्ये. तोवर आजाराला दूषित हवा, देवीचा कोप, पाप असं काहीही कारण असायचं. "पाणी उकळून" हे वाग्भटाने लिहिलं होतं खरं, पण का, ते कळेपर्यंत हजाराहून जास्त वर्षं गेली. आणि का ते कळल्याशिवाय नळ येत नाहीत.

नळावरून आठवलं. मरोळच्या वरच्या अंगाला विहार तलाव. १८५४ साली मुंबईत पाण्याचा दुष्काळ पडला, गुरं शहराबाहेर न्यावी लागली. मग मिठी नदीच्या खोऱ्यात १८५६ ला बांधकाम सुरू झालं आणि १८६० साली विहारचं पाणी नळाने मुंबईत पोचलं. मुंबईला नळाचं पाणी मिळण्याची ती सुरुवात. पुढे १८७९ साली तुळशी, १८९२ साली तानसा. मधल्या काळात पवईही झाला, पण त्याचं पाणी पिण्यालायक निघालं नाही. आमच्याकडे बस स्टॉपचं नावच 'मरोळ पाइपलाइन' आहे, इतकी ती जलवाहिनी इथल्या माणसांच्या अंगवळणी पडली आहे. तिच्यावरून चालत शाळेत जाणारी पोरं मी पाहिली आहेत. मुंबईच्या लाखो मुलांना या पाण्याने जुलाबातून वाचवलं असेल, त्याची नोंद कुठल्या बटव्यात नाही.

मग १८९६ चा प्लेग. डॉ. अकासियो व्हिएगस यांनी सप्टेंबरमध्ये मांडवीत तो ओळखला. लोक मुंबई सोडून पळाले. वाल्डेमार हाफकिन यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. मुंबईच्या अनेक गावठाणांत त्या दिवसांत क्रूस उभारले गेले. त्यांतले काही आजही आहेत, लोक संध्याकाळी मेणबत्ती लावतात. मला त्या क्रुसांबद्दल पूर्वी थोडं हसू यायचं. आता येत नाही. सरकारच्या आरोग्य मोहिमेची दुसरी बाजू ही होती की गोरे सोजीर घरात घुसून आजारी माणूस उचलून न्यायचे, सामान जाळायचे. घाबरून लोक आजार लपवायचे, आणि लपवल्याने तो आणखी पसरायचा. लसीचा उपयोग होण्यासाठी ती टोचून घेणाऱ्याचा टोचणाऱ्यावर विश्वास हवा. तो विश्वास घराघरातल्या बायाच देऊ शकतात, हे समजायला सरकारला फार वर्षं लागली.

*

आईचा काळ म्हणजे या दोन्ही गोष्टी एकत्र आल्याचा काळ. आमच्या घरात काढाही होता आणि लसीचं कार्डही.

आरे कॉलनीचं उदाहरण घ्या. शहरातल्या दाट वस्तीत म्हशींचे गोठे, शेण, माश्या आणि पाणी घातलेलं दूध, हे मुंबईचं जुनं दुखणं. १९४९ पासून आरेच्या जंगलात गोठे हलवायला सुरुवात झाली, १९५१ साली पंडित नेहरूंच्या हस्ते उद्घाटन झालं. या सगळ्यामागे दारा खुरोडी होते. महागड्या म्हशीच्या दुधात स्निग्धांश कमी करून, दुधाची भुकटी आणि पाणी मिसळून स्वस्त टोण्ड दूध करायची युक्ती त्यांचीच. १९६३ साली त्यांना कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्याबरोबर मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आम्हाला हे काही ठाऊक नव्हतं. आम्हाला ठाऊक होती ती पहाटेची रांग, तारेच्या कॅरियरमधल्या काचेच्या बाटल्या आणि त्यांच्या पातळ ॲल्युमिनियमच्या टोप्या. त्या टोप्या सपाट करून मी आणि धाकटा भाऊ पैसे-पैसे खेळायचो.

आईच्या वहीत आहे: "दूध तापवताना आत उलटी बशी ठेवावी, उतू जात नाही." छानच टीप आहे. पण दूध मुळात स्वच्छ असायची सोय आईच्या आटोक्यातली नव्हती. ती कुणीतरी कचेरीत बसून, भांडून, गोठेवाल्यांना उठवून केली होती. माझ्या मते वहीचं आणि तलावाचं नातं हेच आहे. वही सांगते आपल्या दारापासून आत काय करायचं. दाराबाहेरचं काम पाइपलाइनचं, आरेचं, लसीचं. एकाने दुसऱ्याची जागा घ्यायला जाऊ नये.

आम्ही ती चूक केली.

*

२६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. विहार आणि पवईच्या सांडव्याचं पाणी घेऊन मिठी मरोळवरून खाली जाते. त्या दिवशी नदी कुठे आणि रस्ता कुठे, काही कळत नव्हतं. धाकटा भाऊ कुर्ल्याहून चालत आला. वाग्भटाने पायी हिंडू नये म्हटलंय, पण त्या दिवशी अख्खी मुंबई पायीच होती. कमरेएवढ्या पाण्यातून सात तास. एक सँडल वाहून गेली, तळव्याला पत्रा लागला.

घरी आल्यावर आईने वहीतलं सगळं केलं. गरम पाण्याने आंघोळ, कोरडे कपडे, जखमेवर हळद, आलं-सुंठ-गवती चहाचा काढा, खोलीत धुरी. त्याला बरं वाटलं. आठवडाभर आम्ही पूरग्रस्तांना जुने कपडे आणि डबे पोचवत होतो, तोही आमच्याबरोबर होता.

मग त्याला ताप आला. अंग मोडून आलं, पोटऱ्या इतक्या दुखत होत्या की चादर लागली तरी ओरडायचा. आई म्हणाली, भिजण्याचा ताप, दमणूक आहे, तीन दिवसांत उतरेल. मीही तेच म्हणालो. ही गोष्ट मी सहसा सांगत नाही, पण लिहितोच आहे तर पूर्ण लिहितो. मी शिकलेला, रोज पेपर वाचणारा माणूस, मीही तेच म्हणालो. पुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची साथ आल्याच्या बातम्या त्याच दिवसांत येत होत्या. उंदरा-गुरांच्या लघवीतले जंतू पुराच्या पाण्यातून जखमेत शिरतात. हळदीचं तिथे काही चालत नाही.

तिसऱ्या दिवशी त्याचे डोळे आधी लाल आणि मग पिवळे दिसायला लागले. इस्पितळात डॉक्टरांनी दोनच प्रश्न विचारले. पाण्यातून चालला होता का? आणि मग तीन दिवस काय करत होतात? मूत्रपिंडावर परिणाम झाला होता, दोनदा डायलिसिस करावं लागलं. एकवीस दिवसांनी घरी आला. वाचला.

वहीतलं ते पान ३० ऑगस्ट २००५ चं आहे. अक्षर नेहमीसारखं सुबक नाही.

"पुराच्या पाण्यातून आल्यावर साबणाने पाय धुणे. जखम असेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जाऊन गोळीबद्दल विचारणे. नंतर ताप आला तर काढा देत बसू नये. मी बसले."

एवढंच. त्यानंतर वहीत महिनाभर काही नाही.

*

२०२० साली टाळेबंदीत मोबाइलवर काढ्यांचा पूर आला होता. लवंग, दालचिनी, हळद, वाफ, आणि यातच अमुक आजाराचा नायनाट. तेव्हा मरोळचं सेव्हन हिल्स रुग्णालय महापालिकेने करोनासाठी घेतलं होतं, दिवसरात्र रुग्णवाहिकांचे आवाज. आई तेव्हा ऐंशीला टेकली होती. काढा ती रोज करायची, स्वतः प्यायची, आम्हाला द्यायची. पण दारात ऑक्सिमीटर टांगून ठेवला होता, आणि लस आल्यावर आमच्या इमारतीतल्या म्हाताऱ्यांना रांगेत उभं करायला हीच पुढे. एक काका तयार नव्हते. म्हणाले, "तुम्ही एवढं घरगुती जाणता आणि सुई टोचायला सांगता?" आई म्हणाली, "घरगुती जाणते म्हणूनच सांगते, ते कुठे संपतं ते मला माहीत आहे."

दोन वर्षांपूर्वी आई गेली.

ते पान टाइप करावं की नाही, हे मला ठरवता येत नव्हतं. मावसबहिणीला मावशीची आठवण हवी आहे, मावशीची कबुली नको. शेवटी धाकट्या भावाला विचारलं. तो आता पुण्यात असतो, तब्येत ठणठणीत आहे. पान वाचून दाखवलं. फोनवर बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "घाल की. फक्त खाली एक ओळ घाल. काढा देत बसली हे खरं, पण त्या तिन्ही रात्री माझ्या पोटऱ्या चोळत पण तीच बसली होती."

ओळ घातली आहे.

आणि एक बदल केला आहे. वहीत हे पान एकशे चाळिसावं आहे, मी पाठवणार आहे त्यात ते पहिलं असेल. त्यात आताची माहितीही जोडली आहे: दरवर्षी पावसाळ्यात महापालिका सांगते की साचलेल्या पाण्यातून चालावं लागलं असेल, तर २४ ते ७२ तासांत डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक गोळी घ्यावी. पाण्यात जायचं असेल तर गमबूट घालावेत. ताप अंगावर काढू नये. त्यानंतर मग बाकीचं सगळं आहे तसं, दुपट्यांची धुरी, बोंबलाची तीन पाणी, बशीची युक्ती आणि काष्ट्याचं वाक्य.

असो. फार लांबलं. उरलेली पानं पुढच्या रविवारी. तोवर तुमच्याकडे बुटांत वर्तमानपत्राचे बोळे घालायची सोय राहिली नसेल, पेपरच येत नसेल, तर जुन्या सुती साडीचे तुकडे चालतात. हेही वहीतलंच.